मागे राहिलेल्यांचं घड्याळ

मला एक घड्याळ हवं आहे. माझ्या मनगटावर मावेल, मैदानावरचा घाम आणि कोकणातला पाऊस सोसेल आणि एका नजरेत तीन-चार देशांची वेळ दाखवेल असं. किंमत शिक्षिकेच्या पगाराला झेपणारी. दोन वर्षं शोधते आहे. चिपळूणच्या दुकानांत शोधलं, मुंबईला गेले तेव्हा तिथल्या शोरूममध्ये शोधलं, इंटरनेटवर तर अजून शोधतेच आहे. माप, मजबुती आणि वेळा, यांतल्या दोन गोष्टी एका घड्याळात मिळतात. तिन्ही मिळत नाहीत.

आता कुणी म्हणेल, देशात काय काय चाललंय, समाजापुढे केवढे प्रश्न आहेत आणि ही बाई घड्याळावर लेख लिहिते! जरूर म्हणा. पण मग हेही सांगा, की जी वस्तू बनवायला कुठला नवा शोध लागत नाही, ती बाजारात का नाही? माझं उत्तर सरळ आहे. अनेक देशांच्या वेळा लागणारा माणूस म्हटलं की घड्याळ बनवणाऱ्याला कोट घातलेला, विमानात पुढच्या रांगेत बसलेला पुरुष दिसतो. मोहल्ल्यातली बाई दिसत नाही. जगाच्या वेळा रोजच्या रोज सांभाळते ती, आणि घड्याळ निघतं त्याच्यासाठी.

मी चिपळूणजवळच्या एका हायस्कूलमध्ये खेळ शिकवते. धाकटा दीर कुवेतला ट्रेलर चालवतो. भाऊ दुबईत बांधकामाच्या साइटवर फोरमन आहे. मुलगी इंग्लंडमधल्या इस्पितळात नर्स आहे. आजीच्या माहेरची माणसं केपटाउनला आहेत. कोकणी मुसलमानांची तिथली वस्ती शंभर वर्षांहून जुनी. म्हणजे आमच्या एका घराचा हिशोब असा: कुवेत आपल्या अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे, केपटाउन साडेतीन तास मागे. इंग्लंड हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आखाती देश असलं काही करत नाहीत.

हे घर काही जगावेगळं नाही. खेड, दापोली, मंडणगड, महाड, श्रीवर्धन, म्हसळा, कुठल्याही मोहल्ल्यात शिरा आणि दार वाजवा. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. परदेशातल्या माणसांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांत भारत जगात पहिला आहे, आणि २०२२ पासून हा आकडा वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर गेला. पैसा किती आला हे मोजणारे पुष्कळ आहेत. तो पाठवणारा माणूस किती वाजता जागा असतो, किती वाजता झोपतो आणि त्याला फोन कधी करायचा, हे मोजणाऱ्या बाईला मात्र कुणी मोजत नाही.

हे मोजणं म्हणजे काय काम आहे, ते जरा सांगते. सासूबाई फजरची नमाज पढून मोकळ्या होतात तेव्हा सहा वाजलेले असतात. त्यांना मुलाची आठवण येते आणि हात फोनकडे जातो. कुवेतमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीन. रात्री उशिरा आलेला ड्रायव्हर अंधारात दचकून उठतो, आणि अवेळी वाजलेल्या घरच्या फोनचा परदेशात एकच अर्थ असतो: कुणीतरी गेलं. "अम्मी, अजून दोन तास थांबा," एवढं वाक्य वेळेवर म्हणायला घरात कुणीतरी लागतं. ती मी.

दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं, इतकं ऊन असतं तिथे. भाऊ तेवढा वेळ सावलीत बसलेला असतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन ते साडेचार. शाळेत माझा तास चालू असतो, पण मधल्या दहा मिनिटांत बोलायचं तर त्याच वेळात. मुलीची रात्रपाळी असेल तर आपल्या दुपारी साडेतीनला ती गाढ झोपेत असते. दिवसपाळी असेल तर वॉर्डात. रमजानमध्ये तर वेगळंच गणित. आमची तरावीह उभी राहते त्या सुमाराला कुवेतमध्ये दीर रोजा सोडत असतो. हिवाळ्याच्या शेवटी रमजान आला की मुलगी रोजा सोडते तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. ईदच्या दिवशी त्यांची ईद बहुधा एक दिवस आधीच होऊन गेलेली असते. वाराचाही घोळ आहे. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्यांना अर्धा दिवस. म्हणजे दीर आणि भाऊ, दोघेही "गल्फला", पण एकाचा रविवार कामाचा आणि दुसऱ्याचा सुट्टीचा.

यात चूक झाली तर काय होतं? बहुतेक वेळा काही नाही. कुणाची झोप मोडते, कुणाचा फोन चुकतो, कुणी रुसतं. पण सगळ्याच वेळा तसं नसतं. माझे सासरे गेले ते रात्री इशाच्या नंतर. दिराला कुवेतहून रात्री दीडच्या विमानाचं तिकीट मिळालं. तिकिटावर मुंबईला पोहोचायची वेळ आठ. बाहेर पडवीत वडीलधारी मंडळी बसली होती. एक जण म्हणाले, "आठ म्हणजे तिकडचे आठ, आपले साडेदहा. मग मुंबईहून सहा-सात तास. मगरीबनंतरच ठेवा जनाजा." दुसरे म्हणाले, "मय्यतला इतका वेळ ठेवायचं नाही. मुलगा पोहोचला तर पोहोचला." मयत झालेल्या माणसाला लवकरात लवकर मातीत द्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. आणि मुलाने बापाला शेवटचा खांदा द्यावा, हेही. या दोन गोष्टींच्या मध्ये त्या रात्री एक वजाबाकी अडकली होती. उत्तर आतल्या खोलीतून गेलं. मी निरोप पाठवला, की तिकिटावर उतरायची वेळ त्या त्या गावची असते, आठ म्हणजे आपलेच आठ. तो चारपर्यंत घरी येईल. असरनंतरची वेळ ठरवा. मशिदीतून तशी वेळ सांगितली गेली आणि दीर पोहोचला.

त्या पडवीतला प्रत्येक जण कधी ना कधी परदेशी राहून आलेला होता. पण ज्याला त्याला आपण होतो तिथली वेळ ठाऊक. दोन्हीकडची वेळ एकाच वेळी डोक्यात बाळगायची सवय फक्त मागे राहिलेल्यांना असते. जो जातो तो दोन-चार दिवसांत तिथल्या वेळेत रुळतो, त्याच वेळेत उठतो, जेवतो, झोपतो. मागे राहिलेली बाई वीस-वीस वर्षं दोन वेळांत जगते.

आता घड्याळाचा इतिहास बघा, म्हणजे माझं भांडण कुणाशी आहे ते कळेल. जिनिव्हाच्या लुई कॉटिए नावाच्या घड्याळजीने १९३१ साली एका तबकडीत जगाची वेळ दाखवण्याची युक्ती काढली: कडेने शहरांची नावं आणि आत फिरणारं चोवीस तासांचं कडं. पुढे १९५०च्या दशकात रोलेक्सने पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी जीएमटी मास्टर काढलं. त्यात एक जादा काटा, चोवीस तासांत एक फेरा मारणारा. मुख्य काटे एका देशाची वेळ दाखवणार आणि जादा काटा दुसऱ्या देशाची. युक्ती सुंदर आहे, नाही म्हणत नाही. आजही बहुतेक काट्यांची दोन-वेळी घड्याळं तिच्यावरच चालतात.

पण त्या युक्तीत एक गोम आहे. घड्याळात मिनिटकाटा एकच असतो. म्हणजे दोन्ही देशांची मिनिटं सारखी असली तरच ते घड्याळ नीट चालतं. न्यूयॉर्क आणि लंडनची मिनिटं सारखी असतात. लंडन आणि दुबईची असतात. पण भारत साडेपाचावर आहे. भारतात बसून त्या जादा काट्यावर दुबई लावा, कुवेत लावा, लंडन लावा; तास कळेल, मिनिटं अर्ध्या तासाने चुकतील. श्रीलंका, अफगाणिस्तान, इराण, म्यानमार हे सगळे देश अर्ध्या तासावरचे. नेपाळ तर पाऊण तासावर. एकट्या भारतात १४० कोटी माणसं राहतात. जगातल्या दर सहा माणसांमागे एक जण ज्या वेळेत जगतो तिला घड्याळवाले अपवाद समजतात आणि वैमानिकाची वेळ ती नियम! अर्धा तास दाखवणारी काट्यांची घड्याळं आहेत, पण ती दागिन्याच्या किमतीची. आमच्यासाठी फुकटची एक युक्ती शिल्लक राहते. हिवाळ्यात आपलं घड्याळ उलटं धरलं, सहा वर आणि बारा खाली, की साधारण लंडनची वेळ दिसते. करून बघा. पण उन्हाळ्यात तीही चालत नाही, आणि कुवेतसाठी घड्याळ किती वाकडं धरायचं?

दोन वेळांत जगणं आपल्याला नवं नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबई शहराने आपली मुंबईची वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात १९५५ पर्यंत टिकली. रेल्वेची वेळ एक आणि गावची वेळ दुसरी, असा हिशोब आपल्या आजोबा-पणजोबांनी केलेला आहे. कोकणातले मुसलमान खलाशी गोऱ्या कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या गेले. बोट पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकते तशी तिच्यावरची घड्याळं पुढे-मागे करावी लागतात, आणि घरी बसलेल्या बायकोला आपला नवरा आज नेमका कुठल्या वेळेत आहे हे कळायची सोय नसायची. पॅन अ‍ॅमचा वैमानिक जन्मायच्या आधीपासून या बायका दुसऱ्या देशाची वेळ डोक्यात ठेवत होत्या. त्यांच्यासाठी कुणी जादा काटा बसवला नाही.

आता मापाबद्दल. माझ्या मनगटाचा घेर साडेचौदा सेंटिमीटर आहे. वरून बघितलं तर मनगट जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद. खेळासाठीची, अनेक वेळा दाखवणारी म्हणून जी घड्याळं दाखवतात ती ४४, ४६, ४८ मिलिमीटरची. वर पट्टा जोडायचे कान पुढे आलेले असतात ते वेगळेच. घड्याळ घेताना लोक तबकडीची रुंदी विचारतात. खरं बघायचं असतं ते वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतचं अंतर. ते मनगटापेक्षा जास्त झालं की घड्याळ हातावर बसत नाही, हातावर ठेवल्यासारखं दिसतं. हात मागे वाकवला की कडा रुतते. जाडी १५ मिलिमीटर असली की बाहीत अडकते, बांगडीवर आपटते. मुलींना पुश-अप्स दाखवताना असलं घड्याळ उतरवून ठेवावं लागतं. उतरवून ठेवावं लागतं ते खेळाचं घड्याळ कसलं?

आणि हे फक्त बायकांचं रडगाणं नाही. आपल्या वडिलांची जुनी एचएमटी काढून मोजा. ३५ मिलिमीटरच्या आसपास भरेल. ती पुरुषांची घड्याळं होती आणि ती घालणारे पुरुष शेतं नांगरत होते, एसटी चालवत होते. मनगटावर डबा बांधायची फॅशन गेल्या तीस-एक वर्षांतली. माझ्या शाळेतल्या बारीक मुलांना, सडपातळ पुरुषांना तिचा तेवढाच त्रास आहे. फरक इतकाच, की मोठं घड्याळ न शोभणारा पुरुष गप्प बसतो. बाईने म्हटलं की "तुमच्यासाठी लेडीज वॉच आहे ना!"

हो, आहे. एका शोरूममध्ये मला ते काढून दाखवलं. गुलाबी पट्टा, तबकडीवर खडे, सेकंद काटासुद्धा नाही. मी म्हटलं, मला स्टॉपवॉच हवं, पाण्यात चालायला हवं, दुसऱ्या देशांच्या वेळा हव्यात. विक्रेता भला मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं लेडीजमध्ये येत नाही." त्याच्या एका वाक्यात सगळा धंदा आला. बाईचं घड्याळ लहान, म्हणून त्याचं काम लहान. पुरुषाचं घड्याळ मोठं, म्हणून त्याचं जग मोठं. मग माझ्या डोक्याला गुंडाळलेला रुमाल बघून त्याने दुसरं एक घड्याळ काढलं: नमाजाच्या वेळा सांगणारं, किब्ल्याची दिशा दाखवणारं. त्याचा हेतू चांगलाच होता आणि असल्या घड्याळांना माझा विरोधही नाही. प्रवासात ती उपयोगी पडतात. पण नमाजाच्या वेळा मला मशिदीतून ऐकू येतात आणि किब्ला माझ्या घरात चाळीस वर्षं जागचा हललेला नाही. मुसलमान गिऱ्हाईक म्हटलं की त्याला फक्त नमाजच पढायची असते, ही कुठली समजूत? मी धावते. मुलींची रिले घेते. माझी मुलगी रात्रपाळीला जागी असते. या गोष्टी करणारी मुसलमान बाई त्या काउंटरच्या कल्पनेत नव्हती.

पाण्याचंही सांगायला हवं. तबकडीवर "३० मीटर" लिहिलेलं असतं म्हणजे ते घेऊन ३० मीटर खोल बुडी मारता येते असं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की शिंतोडे उडाले तर चालेल. पोहायचं असेल तर १०० मीटरचं लागतं. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या आणि जून ते सप्टेंबर पावसात उभं राहून शाळेची कवायत घेणाऱ्या हाताला किती मीटरचं लागेल, तुम्हीच ठरवा. आणि पट्टा असा हवा, की वुजूला घड्याळ झटकन सरकवून खाली पाणी पोहोचवता येईल. बायकांच्या घड्याळांत पाण्याला सगळ्यात कमी जपलेलं असतं, आणि घरात सगळ्यात जास्त पाण्यात हात असतो तो बाईचाच.

"फोन आहे ना! त्यात सगळ्या देशांची वेळ दिसते." हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. फोन मैदानावर माझ्या हातात नसतो, नसावाही. फोन भिजलेल्या हाताने, पिठाच्या हाताने उघडता येत नाही. आणि वेळ बघायला फोन उघडला की वेळ सोडून बाकी सगळं दिसतं. चाळीस निरोप, तीन व्हिडिओ, एक अफवा. दहा मिनिटं जातात आणि कुवेतमध्ये किती वाजले ते बघायचं राहूनच जातं.

"मग स्मार्टवॉच घ्या." त्यांत लहान मापाची निघाली आहेत, दुसऱ्या शहरांची वेळही लावता येते, हे मला मान्य आहे. पण चांगलं घ्यायचं तर पगार जातो, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांनी चार्जिंग लागतं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, वीज गेली, फोन बंद पडले. त्या दिवसांत आखातातली आणि लंडनमधली माणसं इथे फोन लावून लावून थकली. कुणाच्या तरी फोनमध्ये थोडा जीव उरलेला असायचा. तो कधी उघडायचा आणि कुणाला लावायचा, तर जो आत्ता जागा असेल त्याला. अशा वेळी मनगटावर काय हवं? सात-सात, दहा-दहा वर्षं एका सेलवर चालणारं साधं डिजिटल घड्याळ हवं.

आणि साधं डिजिटल घड्याळ हे करू शकतं, हीच तर माझी तक्रार आहे. आकड्यांच्या घड्याळाला एकाच मिनिटकाट्याची अडचण नाही. अर्धा तास काय, नेपाळचा पाऊण तासही ते बिनचूक दाखवतं. लाखांच्या घड्याळाला जे जमत नाही ते दोन-तीन हजारांच्या घड्याळाला जमतं. पण हातात घेऊन बघा. दुसऱ्या देशाची वेळ बघायला बटण दाबायचं, मग आणखी बटण दाबत शहर शोधायचं, एका वेळी एकच देश. शहरांच्या यादीत न्यूयॉर्क आहे, पॅरिस आहे. कुवेत नाही, त्यासाठी जेद्दा लावायचं. आमचा दीर घड्याळात कायम जेद्दाला असतो आणि आम्ही सगळे दिल्लीला. आणि माप पुन्हा तेच, डब्याचं.

माझ्या मापाचं घड्याळ बनत नाही असंही नाही. कॅसिओचं एफ-९१ डब्ल्यू १९८९ पासून बाजारात आहे. रुंदी ३५ मिलिमीटर, जाडी साडेआठ, वजन २१ ग्रॅमच्या आसपास, एका सेलवर सात वर्षं. स्टॉपवॉच आहे, गजर आहे. पोरांच्या, हमालांच्या, मास्तरांच्या हातावर तुम्ही ते हजार वेळा पाहिलं असेल. त्यात दुसऱ्या देशाची वेळ नाही आणि पोहण्याइतकी पाण्याची ताकद नाही, एवढंच. म्हणजे मापाचा प्रश्न पस्तीस वर्षांपूर्वी सुटला, वेळांचा त्याच्याही आधी. दोन्ही उत्तरं एका पेटीत घालायची कुणाला गरज वाटली नाही.

याच घड्याळाची दुसरी गोष्टही आपण लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगातल्या कैद्यांची कागदपत्रं २०११ साली विकिलीक्सने उघड केली. हे घड्याळ हातावर असणं हा अल-कायदाशी संबंध असल्याचा एक पुरावा म्हणून अनेकांच्या कागदांत नोंदवलेला होता. जगात कोट्यवधी हातांवर असलेलं, हजार-दीड हजारांचं घड्याळ! वैमानिकाच्या मनगटावर घड्याळ असलं की त्याची जगभरची ओळख दिसते आणि गरीब मुसलमानाच्या मनगटावर असलं की पुरावा. वस्तू काय आहे यापेक्षा ती कुणाच्या हातावर आहे, यावर जग तिचा अर्थ लावतं. आमच्या घड्याळाची गरज कुणाला दिसत नाही, त्याचंही मूळ मला तिथेच दिसतं.

पण सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. गल्फहून येणाऱ्या बॅगा आपण सगळ्यांनी उघडलेल्या आहेत. त्यात भावांसाठी जड, चकाकणारं, पाच बटणांचं घड्याळ असतं, ज्यातलं एकही बटण तो कधी दाबत नाही. बहिणीसाठी आणि बायकोसाठी सोनेरी साखळीचं, बांगडीसारखं घड्याळ असतं, जे लग्नाला घालायचं आणि कपाटात ठेवायचं. रोज कुवेतची वेळ मोजणाऱ्या बाईला कुवेतची वेळ दाखवणारं घड्याळ आणावं, हे तीस वर्षांत एका पुरुषाला सुचलेलं मी पाहिलं नाही. आपल्या मजलिसींत परदेशी गेलेल्याच्या कष्टाचं कौतुक होतं. व्हायलाच हवं; ते ऊन, त्या खोल्या, तो एकटेपणा मला ठाऊक आहे. पण इकडे जिने त्याची झोप राखली, त्याच्या आईला समजावलं, बापाच्या मातीला तो पोहोचेल एवढी वेळ मोजून दिली, तिच्या त्या कामाला आपण नावही दिलेलं नाही. नाव नाही म्हणून अवजार नाही. सुताराला रंधा लागतो हे सगळ्यांना कळतं, कारण सुतारकी हे काम आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

म्हणून मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. रुंदी ३६ ते ३८ मिलिमीटर, कानापासून कानापर्यंत ४४ च्या आत, जाडी ११ च्या आत. पाण्यासाठी १०० मीटर. स्टॉपवॉच. वर आपली वेळ मोठ्या आकड्यांत आणि खाली आणखी तीन देशांच्या वेळा लहान आकड्यांत, सगळ्या एकदम दिसणाऱ्या, बटण न दाबता. प्रत्येकीपुढे वार आणि तिथे दिवस आहे की रात्र याची खूण. अर्धा तास, पाऊण तास सगळं बिनचूक. शहरांच्या यादीत कुवेत, दोहा, मस्कत, दमाम. आणि आपल्यासाठी मुंबई. सेल काही वर्षं टिकणारा. किंमत चार हजारांच्या आत. यातली एकही गोष्ट अशी नाही, जी कुठल्या ना कुठल्या घड्याळात आधीपासून नाही.

घड्याळं बनवणारे कारखाने आपल्या देशात आहेत. परदेशात सगळ्यात जास्त माणसं पाठवणारा देश आपलाच आहे. तरी आपल्या कंपन्याही स्वित्झर्लंडच्या वैमानिकी घड्याळांच्या नकला काढतात, त्याही ४४ मिलिमीटरच्या. गिऱ्हाईक नाही असं ते म्हणत असतील, तर त्यांनी एकदा चिपळूणला यावं, किंवा केरळात मलप्पुरमला जावं, किंवा पंजाबात जालंधरला. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, हिंदू, ज्या घरातलं माणूस बाहेर आहे त्या घरात जावं आणि विचारावं, "तिकडे आत्ता किती वाजले?" घरातले पुरुष भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोटं मोजू लागतील. स्वयंपाकघरातून उत्तर आधी येईल. तिच्या मनगटाचं माप घेऊन परत जा.